दोन बोटांची फट

वाशीमला आम्ही घर बांधलं तेव्हा शेजारचा प्लॉट रिकामा होता. गाजरगवत माजलेलं असे आणि कुणाच्या तरी बकऱ्या चरत. आमचं न्हाणीघर त्याच बाजूला आलं. छताजवळची झडपांची लहान खिडकी त्या मोकळ्या जागेकडे उघडायची आणि सकाळी उन्हाची एक पट्टी आत येऊन फरशीवर पडायची. नियमाप्रमाणे त्या बाजूला जागा सोडायला हवी होती, ती आम्ही सोडली नाही. प्लॉटच अरुंद, त्यातून सोडायचं काय, असं नवऱ्याचं म्हणणं होतं आणि मलाही ते पटलं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात आमचाही वाटा आहे.

दोन वर्षांनी शेजारी घर उभं राहिलं. नोकरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आणि त्यांची बायको. त्यांनीही जागा सोडली नाही. भिंत वर वर येत गेली आणि एक दिवस आमच्या खिडकीसमोर नुसत्या विटा दिसायला लागल्या. दोन भिंतींमध्ये उरली ती दोन बोटांची फट. नवरा त्यांच्याकडे बोलायला गेला. ते म्हणाले, तुम्ही तरी कुठं सोडली? तरी नवऱ्याने नगरपालिकेत तक्रारीचा अर्ज दिला. अर्जाचं काही झालं नाही. झालं ते इतकंच, की दोघा पुरुषांचं बोलणं तुटलं. आम्ही बायका गच्चीवर कपडे वाळत घालताना बोलायचो, तेही नवरे घरात नाहीत असं पाहून.

मी अनसिंगच्या बाजूला एका शाळेत शिकवते. सकाळी बसने जाते, संध्याकाळी परत येते. नवरा अकोल्याला नोकरीला, शनिवारी संध्याकाळी येतो आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने जातो. मुलगी शिकायला बाहेरगावी. म्हणजे आठवडाभर घरात मी एकटी. न्हाणीघराच्या कोपऱ्यात पावसाळ्यात थोडी ओल यायची, भिंतीचा रंग फुगायचा, एवढ्याकडे लक्ष द्यायला मला वेळही नव्हता आणि गरजही वाटत नव्हती.

मग सासूबाई आल्या. त्यांना मी आत्याबाई म्हणते. त्या केनवडच्या. धाकट्या दिरासोबत मळ्यात राहायच्या. मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी लावायच्या आणि बाजाराच्या दिवशी स्वतः जमिनीवर पोतं अंथरून विकायला बसायच्या. वांग्याच्या वाफ्यात पाय घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, खाली बसायचं नाही, काही महिने वॉकर लागेल, दवाखान्याच्या जवळ राहा. मळ्यात खुर्चीसारखा बसायचा संडास नव्हता, आमच्याकडे न्हाणीघरातच होता. म्हणून आषाढाच्या सुरुवातीला त्या आमच्याकडे आल्या. त्यांची खाट न्हाणीघराला लागून असलेल्या खोलीत टाकली, कारण तिथून वॉकर घेऊन सहा पावलं चालावं लागे.

त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून मी कढत पाण्याने आंघोळ घालायची. त्यांचं अंग दुखायचं, गरम पाण्याने बरं वाटायचं, म्हणून आणखी एक बादली, आणखी एक बादली. नळ चार-पाच दिवसांनी येतो, तेव्हा पाण्याचे दोन निळे ड्रमही त्याच न्हाणीघरात भरून ठेवलेले. आंघोळ झाली की वाफ कोंडून राहायची. समोरच्या विटांमुळे ती खिडकीतून जायची नाही, आणि दार उघडं ठेवलं तर आत्याबाईंच्या खोलीत शिरायची.

पंधरा दिवसांत ड्रमच्या मागे भिंतीवर काळे ठिपके दिसले. तीळ सांडावेत तसे. मी ओल्या फडक्याने पुसले, गेले. चार दिवसांनी परत आले आणि जास्त आले. मग फरशांच्या मधल्या रेघा काळ्या झाल्या, मग छताचा कोपरा. आत्याबाई खुर्चीवर बसल्या बसल्या मान वर करून पाहत राहायच्या.

"कांद्याले लागते तेच हे," त्या एकदा म्हणाल्या. "आमी लागलेले कांदे काढून फेकतो अन् बाकीचे उन्हात पसरतो."

भिंत उन्हात कशी पसरायची, हे मी त्यांना विचारलं नाही. पण माझ्या मनात आलं, आणि बहुधा त्यांच्याही.

मी घासायला लागले. सकाळी बसच्या आधी अर्धा तास. नायलॉनचा ब्रश, कपड्यांचा साबण. मग शाळेतल्या एका बाईंनी खायचा सोडा सांगितला, तो लावला. कुणी सिरका सांगितला, त्याने काही दिवस फरक पडला. न्हाणीघरभर लोणच्यासारखा आंबूस वास सुटला आणि आत्याबाईंना अन्न जाईना. रंगाच्या दुकानात गेले तर दुकानदाराने ओल न धरणारा म्हणून एक रंग दिला. नवऱ्याने रविवारी त्याचे दोन हात दिले. भिंत महिनाभर पांढरीशुभ्र राहिली. मग त्या रंगाला फोड आले आणि बोटाने दाबला की पापुद्रा निघून मागून काळं दिसायचं. आम्ही ते झाकलं होतं, घालवलं नव्हतं.

तोवर आत्याबाईंना खोकला सुरू झाला होता. दम्याची थोडी तक्रार त्यांना आधीपासून होती, पण मळ्यात ती कधी दोन दिवसांवर टिकली नव्हती. इथे श्वास घेताना छातीत शिट्टी वाजायची. रात्री दोन उशा लागायला लागल्या. मी विचारलं की म्हणायच्या, काही नाही, हवा बदलली म्हणून होते.

त्या शनिवारी सकाळची शाळा होती. मी बाराच्या सुमारास घरी आले. नवरा संध्याकाळी यायचा होता आणि त्याच्या आधी न्हाणीघर एकदा लख्ख करून टाकायचं असं मी बसमध्येच ठरवलं होतं. किराणा दुकानातून ब्लीचिंग पावडर आणली. ती पाण्यात कालवून भिंतीला लावली आणि दहा मिनिटं थांबले. डाग फिके झाले. मला फार आनंद झाला. तरी फरशांच्या रेघा काळ्याच होत्या. संडास धुवायचं ॲसिड बाटलीत होतं. एकाने इतकं जातं तर दोन्हींनी सगळं जाईल, असा साधा हिशेब मी केला आणि ते ॲसिड त्याच ओल्या भिंतीवर ओतलं.

भिंत फसफसली. हिरवट पिवळा धूर दिसला की मला नंतर तसं वाटतं, हे आता सांगता येत नाही. नाकात सुई घुसावी तसा वास आला. डोळ्यांना पाण्याची धार लागली. श्वास आत घेते तर छाती मिटून गेल्यासारखी. मी दाराकडे धावले, बाहेर पडले आणि दार ओढलं. पण ते दार नीट लागत नाही, पावसाळ्यात फुगतं. आणि दाराच्या अलीकडे आत्याबाईंची खोली.

त्या खाटेवर उठून बसल्या होत्या. एक हात छातीवर, दुसरा वॉकरकडे लांबवलेला. तोंड उघडं होतं आणि आवाज येत नव्हता. मी त्यांना उचलायला गेले. त्या काही फार जड नाहीत, पण ऑपरेशनच्या पायाला धक्का लागू नये म्हणून कुठे धरावं ते कळेना, आणि मला स्वतःला श्वास घेता येत नव्हता. मी त्यांच्या काखेत हात घालून ओढलं. वॉकर आडवा पडला. खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आलो आणि तिथे माझा जोर संपला. मी नुसती हाका मारत राहिले. कुणाला मारत होते ते मलाही ठाऊक नव्हतं.

शेजारच्या काकू आल्या. आमच्या घरात त्या पहिल्यांदाच पाऊल टाकत होत्या. त्यांनी पदर नाकाला लावला. दोघींनी मिळून आत्याबाईंना समोरच्या ओट्यावर आणलं. काकूंनी घराची दारं-खिडक्या उघडल्या आणि रस्त्यावर जाऊन ऑटो थांबवला. ऑटोत आत्याबाईंचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. त्यांची नखं निळसर दिसत होती आणि मी त्यांच्या नखांशिवाय दुसरीकडे कुठे पाहू शकत नव्हते.

दवाखान्यात तोंडाला मास्क लावून औषधाची वाफ दिली, ऑक्सिजन लावला. तास-दीड तासाने रंग परत आला. डॉक्टरांनी मला बाजूला बोलावलं. काय काय मिसळलं ते विचारलं. मी सांगितलं. ते रागावले नाहीत. ब्लीचिंगमध्ये ॲसिड पडलं की विषारी वायू तयार होतो, म्हणाले, यानं माणसं दगावतात. मी शिक्षिका आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी ते सांगितलंही नाही. मग त्यांनी घरात ओल आहे का, बुरशी आहे का ते विचारलं आणि म्हणाले, आजचं तर निभावलं, पण त्या बुरशीच्या शेजारी त्यांना झोपवत राहाल तर हा दमा जाणार नाही.

नवरा थेट दवाखान्यात आला. त्याने आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता बाकावर बसला. बोलला असता तर बरं झालं असतं. बोलल्या त्या आत्याबाई, मास्क बाजूला करून.

"तिले काही म्हणू नोको. ती माह्यासाठीच घासून राह्यली होती."

हे वाक्य मला अजून आठवतं आणि त्याने मला बरं वाटत नाही. त्यांनी मला दोष दिला असता तर मी स्वतःची बाजू मांडली असती.

घरी आल्यावर आम्ही त्यांची खाट पुढच्या खोलीत हलवली. आता न्हाणीघरापर्यंत वॉकरने पाच मिनिटं लागायची आणि वाटेत त्यांना दोनदा थांबावं लागायचं. दुसऱ्या रविवारी नवऱ्याने एका म्हाताऱ्या मिस्त्रीला आणलं. त्यांनी थापीच्या मुठीने भिंत ठोकून पाहिली, वरपासून खालपर्यंत, डॉक्टर पाठ ठोकून पाहतात तशी. मग गच्चीवर गेले आणि फटीत डोकावले.

"बाई, हे पाणी आतलं नाही," खाली येऊन ते मला म्हणाले. "दोन भिंतींच्या मधात पडते अन् तिथंच मुरते. निघायले जागा नाही, वाळायले ऊन नाही. तुमी आतून कितीही घासा."

मी विचारलं, मग करायचं काय? त्यांनी सांगितलं की फटीवर वरून पत्रा टाकावा लागेल. एक कड आपल्या भिंतीत बसवायची, दुसरी शेजाऱ्यांच्या. तसं केलं तर पाणी आत जाणार नाही. मग आतलं प्लास्टर खरवडून नवीन करता येईल. आत हात जात नाही, तिथे दुसरा इलाज नाही.

नवरा शेजारी गेला नाही. त्या अर्जानंतर कोणत्या तोंडानं जाऊ, म्हणाला. मी गेले. काका घरी नव्हते. काकूंनी मला ओट्यावरून आत बोलावलं, चहा ठेवला. मी पत्र्याचं सांगितलं. त्या ऐकून घेत होत्या. मग उठल्या आणि म्हणाल्या, चला, दाखवते. मला त्यांनी मागच्या खोलीत नेलं. ती त्यांची निजायची खोली. आमच्याकडची भिंत एका जुन्या साडीने झाकलेली होती. काकूंनी साडी उचलली. मागे खालपासून छातीपर्यंत काळं, आमच्यापेक्षा जास्त. एका ठिकाणी बुरशीला मऊ लव आलेली होती, करड्या रंगाची.

"तुमचं पाणी आमच्याकडं येते असं ह्यांचं म्हणणं हाये," काकू म्हणाल्या. "म्हणून मी कोनाले सांगत नाही."

आम्ही दोघी त्या भिंतीसमोर उभ्या राहिलो. त्यांनी काय काय लावून पाहिलं ते त्यांनी सांगितलं. चुना, तुरटी, कडुलिंबाचा पाला वाफवून. मी माझं सांगितलं. पावसाळाभर आम्ही दोघी एकाच भिंतीच्या दोन बाजू घासत होतो आणि गच्चीवर भेटलो की भाजीचे भाव बोलत होतो. पत्र्याचं विचारते, असं त्यांनी कबूल केलं, पण घरात माझं चालत नाही, हेही सांगितलं.

काकांनी नकार दिला. भिंतीत खिळे ठोकले तर भिंतीला तडा जाईल, असा निरोप आला. मिस्त्रींनी मग एकट्या आमच्या भिंतीत बसवून पत्रा नुसता पलीकडे टेकवला. पहिल्या मोठ्या वाऱ्यात तो आपटायला लागला. दिवसभर, रात्रभर. आपटण्याचा आवाज त्यांच्या निजायच्या खोलीत जास्त जायचा. काका स्वतः दारात आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्यांचे डोळे जागरणाने लाल झाले होते आणि ते भांडले नाहीत.

"मले बीपी हाये. झोप येत नाही," ते म्हणाले. "काढून टाका, हात जोडतो."

आत्याबाईंनी बाजेवरून त्यांना आत बोलावलं. बसायला सांगितलं. वयाने आपण मोठ्या, म्हणून त्या त्यांना एकेरीत बोलल्या. बापा, तुझ्या भिंतीतही हेच पाणी मुरते ना, मग दोघं मिळून पत्रा पक्का करा, असं त्यांनी समजावून सांगितलं. काका खाली मान घालून ऐकत राहिले. पाहू, म्हणाले. त्यांच्या मनात खोट होती असं मला वाटत नाही. ज्याच्यावर अर्ज झाला त्या माणसाला हो म्हणणं जड जातं, इतकंच. आम्ही पत्रा काढून टाकला. पुढे ते कधी काही बोलले नाहीत आणि आम्हीही पुन्हा विचारलं नाही.

त्यानंतर मी जे करता येत होतं ते केलं. ड्रम बाहेर अंगणात नेले. आंघोळ झाली की भिंती वरपासून खालपर्यंत वायपरने निपटायच्या, मग कोरड्या फडक्याने पुसायच्या, ते फडकं बाहेर वाळत घालायचं. खिडकीच्या झडपा काढून तिथे हवा बाहेर फेकणारा लहान पंखा बसवला. समोर विटाच होत्या, पण मिस्त्री म्हणाले, फटीतून वर थोडी तरी निघेल. दार उघडं ठेवून समोर टेबलफॅन लावायचा. सोड्याचं पाणी आठवड्यातून दोनदा. ब्लीचिंग घरात नाही, ॲसिड घरात नाही. याने डाग कमी झाले. गेले मात्र नाहीत. शाळेत फळ्यावर लिहितानाही माझं लक्ष असे की आज वायपर फिरवायचा राहिला का.

आणि आत्याबाईंचा खोकलाही तसाच, कमी झाला पण गेला नाही. एका सकाळी मी न्हाणीघरात गेले तर त्या खुर्चीवर बसून, एक हात वॉकरवर ठेवून, दुसऱ्या हाताने ब्रशने भिंत घासत होत्या. जिथवर हात पोचत होता तिथवर. दम लागला होता. मी ब्रश काढून घेतला. त्या म्हणाल्या, "तुले शाळेत जायाचं राह्यते. म्या म्हटलं तेवढंच." मी ओरडणार होते. त्याऐवजी ब्रश बादलीत टाकला. मी तिथेच उंबऱ्यात बसले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर ओला हात ठेवला.

त्याच आठवड्यात त्यांनी दिराला फोन लावायला सांगितला. हाड जुळलं होतं, डॉक्टरांनी वॉकर सोडून काठी धरायला सांगितलं होतं. दिराने मळ्यातल्या घरामागे बसायचा संडास बांधून घेतला होता. केनवडला आंघोळीची जागा म्हणजे तीन बाजूंनी तट्टे, वर आभाळ, खाली दगडी फरशी. पाणी वाहून थेट केळीच्या आळ्यात जातं. आत्याबाई तिकडे गेल्या आणि तीन आठवड्यांत त्यांची छाती मोकळी झाली. दिराने फोनवर हे मोठ्या आनंदाने सांगितलं. मलाही आनंद झाला आणि फोन ठेवल्यावर मी बराच वेळ काही काम केलं नाही.

दिवाळीनंतर मी त्यांना भेटायला गेले. त्या मेथी निवडत बसल्या होत्या. मी त्यांना वाशीमला चला म्हणाले. आता खूप सुधारलं आहे, सांगितलं. पंख्याचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं.

"पोरी, तू केलं तेवढं कोनी करत नाही," त्या म्हणाल्या. "पण तिथं माहा जीव घाबरते. आता मी उन्हाळ्यात येईन. भिंत वाळली म्हंजे."

तेव्हापासून तसंच चालू आहे. होळी झाली की त्या येतात. त्या दिवसांत न्हाणीघर कोरडं ठणठणीत असतं, भिंतीवर फक्त पिवळट ओघळ उरलेले. आम्ही दोघी ओट्यावर बसून कुरडया वाळवतो, काकूही येऊन बसतात, काका लांबून रामराम करतात. नवरा आईच्या पायाला तेल लावून देतो. दोन-अडीच महिने घर भरल्यासारखं वाटतं.

मग आभाळ भरून यायला लागतं आणि त्या आपली पिशवी भरतात. मागच्या वर्षी मी त्यांना केनवडला जायला रिसोडच्या बसमध्ये बसवायला स्टँडवर गेले होते. खिडकीजवळची जागा मिळाली. बस सुटायला वेळ होता. राहा, असं एकदा म्हणावं असं फार वाटत होतं. पण म्हणून काय उपयोग, त्या राहिल्या असत्या तर मला पुन्हा त्यांचा श्वास मोजत बसावं लागलं असतं. मी त्यांना पाण्याची बाटली दिली, गोळ्यांची पुडी दिली, पंप दाबून घ्यायचं दम्याचं औषध पिशवीत वरच ठेवलं आहे ते दाखवलं. त्यांनी मान हलवली. बस निघाली तेव्हा त्या पुढे पाहत होत्या, हात मात्र खिडकीच्या गजावर होता. मी बसच्या बाजूने थोडी चालले आणि मग थांबले.